उर्दू शाळेतला पहिला दिवस



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीवाली, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून तज्ज्ञ बोलत असतात, त्यात माझी भर नको. मी एका दिवसाबद्दल बोलते. गेल्या वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी रायगड जिल्ह्यातल्या एका मुलींच्या उर्दू शाळेत छात्राध्यापिका म्हणून गेले. त्या पहिल्या दिवसाबद्दल.

आधी "हे कुठून सुचलं?" याचं उत्तर देऊन टाकते, कारण सकाळपासून अकरा जणांनी विचारलंय. एकवीस वर्षं मी ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये काढली. नवीन लागलेल्या पोरांना शिकवायचं काम नेहमी माझ्या गळ्यात पडायचं आणि खरं सांगायचं तर मला तेच काम सगळ्यांत आवडायचं. मुलगा बारावीच्या पुढे गेला तशी मी नोकरीतून दोन वर्षं बाहेर पडले आणि बी.एड.ला नाव घातलं. इंजिनिअरला बी.एड. करता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पदवीला पंचावन्न टक्के लागतात, ते माझ्याकडे होते, थोडेच वर होते. पूर्वी वर्षाचं असलेलं बी.एड. आता दोन वर्षांचं आहे आणि त्यात निदान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. त्या सोळा आठवड्यांना आंतरवासिता म्हणतात. आमच्या कॉलेजात कोणाला कुठली शाळा याची यादी वाचली गेली आणि माझ्या नावापुढे ही शाळा आली. कारण काही थोर नव्हतं. मी पनवेलला राहते आणि तिकडे थेट एसटी आहे.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मदरशात?" त्यांच्यासारखाच प्रश्न नंतर मला कितीतरी शिकल्यासवरलेल्या लोकांनी विचारला, म्हणून इथेही सांगते. मदरशात मुख्य शिक्षण धर्माचं असतं. लहान मुलांचा मकतब असतो, तिथे सकाळी किंवा संध्याकाळी तासभर कुराण वाचायला शिकवतात. मी गेले ती शाळा वेगळी. ती एका मुस्लिम ट्रस्टने काढलेली आहे, संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना तशा संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. पण अभ्यासक्रम आपल्याच राज्याचा, परीक्षा आपल्याच बोर्डाची आणि पुस्तकं पुण्याच्या बालभारतीची. तीच आकृती, तेच उदाहरण, फक्त पुस्तक उजवीकडून उघडतं. शिवाय वेळापत्रकात दीनियातचा एक तास असतो, शुक्रवारी शाळा लवकर सुटते आणि रमजानमध्ये सकाळची भरते. फरक म्हणाल तर एवढाच. एवढाच म्हणते खरी, पण आदल्या रात्री माझ्या पोटात गोळा आला होता.

त्या रात्री मी फोन केला तो आपल्या एका वर्गमैत्रिणीला. ती आज चौथ्या रांगेत बसली आहे. नाव घेतलंस तर उठून बाहेर जाईन असं तिने बजावलंय, पण तुम्ही सगळे तिच्याकडे वळून बघताय, तेव्हा झालंच. आठवीत ती उर्दू शाळेतून आपल्याकडे आली होती. आपल्या गावातली उर्दू शाळा तेव्हा सातवीपर्यंतच होती. मी तिला विचारलं, "अगं, सलाम केला तर उत्तर काय द्यायचं? आणि टिकली लावून जाऊ की नको?"

ती म्हणाली, "वअलैकुम अस्सलाम म्हण, नाही जमलं तर नमस्ते म्हण, कोणी तुला खाणार नाही. आणि टिकली कशाला काढतेस? शिकवायला चाललीस की लपायला?" मग म्हणाली, "ते सोड. गणित कुठल्या शब्दांत शिकवणार आहेस ते सांग." मी गप्प. तिने मला कागद घ्यायला लावला आणि फोनवर शब्द सांगत गेली. त्रिकोण म्हणजे मुसल्लस. कोन म्हणजे ज़ाविया. वर्तुळ म्हणजे दायरा. समांतर म्हणजे मुतवाज़ी. समीकरण म्हणजे मसावात. त्रिज्या म्हणजे निस्फ़ क़ुत्र, अर्धा व्यास. बेचाळीस शब्द झाले. तेहेतीस वर्षांनी तिला ते असे घडाघडा कसे आठवले, हे मी विचारलं नाही. तुमच्यातल्या काहींना त्याचं कारण आठवत असेल. त्याच्याकडे मी येते.

सकाळी सव्वासातला शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. अंगावर बी.एड. कॉलेजची गणवेशाची साडी. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा गणवेश, आणि तोही मोरपंखी. आत पांढऱ्या ओढण्यांची रांग लागलेली. परिपाठ सुरू झाला. एका मुलीने कुराणातला भाग म्हटला, दुसरीने त्याचा अर्थ उर्दूत सांगितला. मग सगळ्यांनी मिळून इक्बालांची 'बच्चे की दुआ' म्हटली. मग राष्ट्रगीत. मग प्रतिज्ञा, उर्दूत. शब्द अर्धे कळत होते, पण पुढे केलेला हात कुठल्या वाक्यापासून दुखायला लागतो आणि कुठल्या वाक्याला पोरं घाई करतात, ते सगळं ओळखीचं. नंतर कधीतरी वाचलं की ती प्रतिज्ञा मुळात तेलुगूत आहे, १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली. म्हणजे आपण इथल्या पटांगणावर दहा वर्षं म्हटला तोही अनुवादच.

शिक्षिकांच्या खोलीत मला मार्गदर्शक म्हणून ज्या गणिताच्या शिक्षिका दिल्या होत्या त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्या मला मॅडम म्हणत होत्या, मी त्यांना मॅडम म्हणत होते, आणि आम्ही दोघी एकमेकींना आधी खुर्चीत बसवायच्या खटपटीत उभ्याच होतो. दुपारपर्यंत मी 'आपा' झाले. आपा म्हणजे ताई.

पहिल्या दिवशी फक्त निरीक्षण करायचं, असं आमच्या कॉलेजने सांगितलं होतं. मागच्या बाकावर बसायचं, टिपणं काढायची. तशी मी आठवीच्या वर्गात बसले. हजेरी सुरू झाली. नाव घेतलं की मुलगी उठून म्हणते, "हाज़िर, मिस." मला हसू आलं. आपण काय म्हणायचो? "हजर, बाई." शब्द एकच, अरबीतून आलेला. दप्तर तिकडूनच आलं, तारीख तिकडची, सही तिकडची, खुर्ची तिकडची. सगळ्यात मजा वजाबाकीची. वजा अरबी, बाकीही अरबी. आणि त्या वर्गात वजाबाकीला काय म्हणतात? तफ़रीक़. म्हणजे 'वजाबाकी' आमच्याकडे राहिली आणि त्यांना ती समजत नाही.

निरीक्षण म्हणून मी काय पाहिलं, तर एका मुलीचा हात. इतिहासाच्या वहीत ती उजवीकडून डावीकडे लिहीत चालली होती. मध्ये सन आला. हात थांबला, डावीकडे बोटभर उडी मारली, मधली जागा मोकळी ठेवून तिथून चार आकडे डावीकडून उजवीकडे लिहिले, आणि पुन्हा उडी मारून पलीकडे उजवीकडून डावीकडे सुरू. आकडा किती जागा खाईल याचा अंदाज लिहायच्या आधी घ्यावा लागतो. तिने तो न बघता घेतला.

हे पाहून मी का अडकले ते सांगते. आखातातल्या बँकांसाठी आम्ही अरबी पडदे बनवायचो. अरबी मजकुरात आकडे आले की संगणकाची भंबेरी उडते. फोन नंबरातलं अधिकचं चिन्ह भलत्याच टोकाला जाऊन बसतं, कंस उलटे तोंड करतात. याच्यासाठी युनिकोडवाल्यांनी एक भला मोठा नियमसंच केलेला आहे, तो वाचताना चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना घाम फुटतो. आमच्या चमूने त्यात आठवडे घातले. आणि ही तेरा वर्षांची मुलगी जांभई देत तेच करत होती.

तिसऱ्या तासाला सद्र मुअल्लिमांचा, म्हणजे मुख्याध्यापिकांचा निरोप आला. मराठीच्या शिक्षिका रजेवर, सहावीचा तास रिकामा, "आप तो मराठी हैं, आप ले लीजिए." माझे विषय गणित आणि विज्ञान. दहावीला मराठीत मला किती गुण होते ते समोर बसलेल्या सरांना ठाऊक आहे आणि ते सभ्य गृहस्थ आहेत, सांगणार नाहीत. पण गेले.

मराठीचं पुस्तक 'सुलभभारती', इतर माध्यमांच्या शाळांसाठी बालभारती काढते ते. मुली म्हणाल्या, "मिस, मराठी बहुत सख़्त है, हमको नहीं आती." मी विचारलं, घरी काय बोलता? निम्म्या वर्गाने सांगितलं, "कोकणी." मी म्हटलं, बरं, पुस्तक मिटा. बाजारात कुठले मासे मिळतात ते तुमच्या कोकणीत सांगा. बांगडा, बोंबील, कोलंबी, मांदेली, तिसऱ्या, चिंबोरी. चिंबोरी म्हणणारी इतक्या जोरात म्हणाली की सगळा वर्ग हसला. मग घरात काय शिजतं? भाकरी, घावन, सांदण. अंगणात काय आहे? नारळ, चिंच, विहीर. फळ्यावर सदतीस शब्द झाले, मी मोजले. मग म्हटलं, आता बघा, हे सगळे शब्द तुम्हाला न येणाऱ्या मराठीतले आहेत. एक मुलगी उठून अतिशय गंभीरपणे म्हणाली, "नहीं मिस, ये तो कोकणी है." भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील त्यात मी पडत नाही. पण शाळा सुटताना ती आपल्या दादीशी फाटकात बोलत होती ते मी ऐकलं, आणि त्या दादीच्या क्रियापदांची शेपटं माझ्या आजीच्या तोंडची होती.

त्या मुलींचा हिशोब मांडून बघा. घरी कोकणी, शाळेत उर्दू, मकतबात पाठाला अरबी, शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी. लिप्या तीन. आमच्या क्षेत्रात नोकरीच्या अर्जात कोणकोणत्या भाषा येतात ते लिहायची पद्धत आहे. पाच लिहिल्या की लोक भुवया उंचावतात, आणि त्यातल्या तीन त्याने नुसत्या लांबून पाहिलेल्या असतात.

डबा खाताना एकीने माझ्यापुढे सांदण ठेवलं आणि "आपा, ये नारियल-चावल का है, बेफ़िक्र खाइए" असं सांगून टाकलं. सांदण उत्तम होतं. पुढे जाऊ.

शेवटून दुसरा तास आठवीचा, गणिताचा. धडा 'समांतर रेषा व छेदिका'. मार्गदर्शक मॅडम सुरेख शिकवत होत्या. मागची उजळणी घेताना त्यांनी फळ्यावर चौरस काढला आणि विचारलं, हे काय? वर्ग ओरडला, "मुरब्बा!" माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण पुढच्या बाकावरची वळून म्हणाली, "मिस, आपके यहाँ मुरब्बा खाते हैं ना?" खातात बाई, त्याला आमच्यात मोरांबा म्हणतात.

शेवटची पंधरा मिनिटं मॅडमनी अचानक मला दिली. "आपा, आप लीजिए ना." ओळख करून देताना त्यांनी मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याचं सांगितलं. भिंतीवर गणितज्ञांचे तक्ते होते, त्यात अल-ख्वारिज्मीचा एक होता. मी म्हटलं, मी वीस वर्षं जे काम केलं त्याचं नाव या माणसाच्या नावावरून पडलंय. अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदादला होता. त्याने भारतीय अंकांनी हिशोब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या लॅटिन भाषांतरात त्याच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं. त्याच्याच दुसऱ्या पुस्तकाच्या नावात 'अल-जब्र' आहे, त्याचं पुढे अल्जेब्रा झालं. मुलींना हे आवडलं. एक म्हणाली, "तो मिस, वो हमारा था और नंबर आपके थे?" मी म्हटलं, नंबर दोघींचे गं, तुझे पण आणि माझे पण. पुढे बोलायला वेळ नव्हता, घड्याळ पळत होतं.

मी फळ्यावर दोन समांतर रेषा काढल्या, त्यांना छेदणारी तिरकी तिसरी. आदल्या रात्रीचा कागद पर्समध्ये, पर्स शिक्षिकांच्या खोलीत. मी विचारलं, "ये कोन कितने का है?"

"कौन, मिस?"

"ये कोन."

"कौन, मिस?"

असं तीनदा झालं. मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "ज़ाविया." मी ज़ाविया म्हटलं, वर्ग सुटला, उत्तरं यायला लागली. पण 'कोन' म्हटल्याबरोबर वर्गातल्या एका मुलीने मान वर केली होती, ते मी पाहिलं होतं. खिडकीकडच्या रांगेत, शेवटून दुसरी. दिवसभर मी तिच्या मागेच बसले होते आणि दिवसभरात तिने तोंड उघडलं नव्हतं. वही कोरी नव्हती, पण तिची उर्दू अक्षरं पहिलीतल्या मुलीसारखी मोठाली, एकेक जुळवलेली. सकाळी मॅडमनी मला सांगितलं होतं, ती जरा कमज़ोर आहे, गणितात तर फारच.

मी वरच्या रेषेवरच्या एका कोनावर खूण केली आणि खालच्या रेषेवरच्या तशाच कोनावर. विचारलं, हे दोन सारखे का? तिने हात वर केला नाही. बसल्या जागेवरून, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "संगत कोन."

वर्गाला कळलं नाही. मॅडमनाही नाही. मला कळलं. मी दुसरी जोडी दाखवली. "आंतरव्युत्क्रम कोन." तिसरी. "आंतरकोन. बेरीज एकशे ऐंशी." आता आवाज थोडा वर आला होता. मी तिला फळ्याशी बोलावलं. तिने आठही कोनांची मापं घातली, एक दिल्यावर उरलेली सात. कुठे थांबली नाही. मग खडू ठेवून माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "बाई, हे आमचं झालंय." त्या खोलीत दिवसभर मी मिस होते. बाई मला पहिल्यांदा कोणी म्हटलं.

ती साताऱ्याकडची. तिकडचे पुष्कळ मुसलमान घरी मराठी बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात. ही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवी झालेली. पुढचं पुस्तक सुट्टीत चुलतभावाचं वाचलेलं. वडील ट्रक चालवतात, घर इकडे हललं, आणि मुलींची शाळा जवळ म्हणून तिला इथे घातलं. जूनपासून ती त्या वर्गात होती. म्हणजे चार महिने ती मुसल्लस ऐकत होती आणि तिला त्रिकोण माहीत होता. मध्ये कोणी नव्हतं.

मित्रमैत्रिणींनो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. जून १९९५ आठवा. अकरावी सायन्स, तालुक्याचं कॉलेज, सगळं इंग्रजीत. आपल्यापैकी तेवीस जण गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात मला उभं करून विचारलं होतं, ॲब्सिसा कोणती, ऑर्डिनेट कोणती? मी खांबासारखी उभी. भुज आणि कोटी मला झोपेतून उठवून विचारले असते तरी आले असते. शेजारचा इंग्रजी माध्यमाचा मुलगा उठला, बोलला आणि बसला. त्या दिवशी त्या वर्गात कोण हुशार ते ठरलं. आपल्यातले सहा जण दिवाळीनंतर कॉमर्सला गेले. त्यातले दोघे इथे आहेत, त्यांचं उत्तम चाललंय, पण त्यांच्याकडे गणित कमी होतं असं मला कोणी सांगू नये. आपण एका बाकावर बसायचो.

शाळा सुटल्यावर मी सद्र मुअल्लिमांकडे गेले आणि म्हटलं, त्या मुलीला घटक चाचणीत गणिताची उत्तरं मराठीत लिहू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. म्हणाल्या, "आप सोलह हफ़्ते रहेंगी. दो साल बाद बोर्ड का पर्चा इसके सामने उर्दू में आएगा, उस दिन आप भी नहीं होंगी और मैं भी नहीं." मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. निदान अर्धं तरी. मी म्हटलं, मग उर्दू मी तिला शिकवू शकत नाही, मलाच येत नाही. त्यावर त्या हसल्या. "तो दोनों साथ सीख लीजिए."

एसटीत बसल्यावर चौथ्या रांगेतल्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वही कर. तीन रकाने पाड."

आता त्या बेचाळीस शब्दांचं. ती आठवीत आपल्याकडे आली ते वर्ष १९९२. पहिल्या महिन्यात ती वर्गात तोंड उघडत नव्हती, हे तुम्हाला आठवत असेल. गणिताच्या बाईंनी, ज्या आत्ता इथे माझ्या डाव्या हाताला बसून पदराशी चाळा करताहेत, तिला एक वही दिली. दोन रकान्यांची. डावीकडे बाईंनी मराठी शब्द लिहायचा, उजवीकडे तिने उर्दू. आणि तास सुरू व्हायच्या आधी बाई तिला विचारायच्या, "याला तुमच्यात काय म्हणतात?" मग तो शब्द फळ्यावर लिहायच्या, देवनागरीत, सगळ्यांसाठी. आपल्याला वाटायचं बाईंना हौस आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात काय झालं ते इथे सांगायला नको. आपल्या गावात काही झालं नाही, पण ती दहाबारा दिवस शाळेत आली नाही. बाई एका संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. तिच्या अम्मीला सांगितलं, गणिताचे दोन धडे बुडालेत, ते पुरे करायला आलेय. पाच दिवस रोज गेल्या. हे मला आत्ता, गेल्या वर्षी, फोनवर कळलं. ती वही तिच्याकडे अजून आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं विचाराल. चित्रपटात होतं तसं काही झालं नाही. पहिल्या चाचणीत ती काठावर पास झाली, दुसऱ्यात बरी. तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. त्यातली एक कोकणी बोलणारी, तीच, चिंबोरीवालीची मोठी बहीण. दोघी वहीच्या तीन रकान्यांवरून भांडायच्या. आता ती नववीत आहे. मी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठवड्याला तीन दिवस, आणि शनिवारी त्या शाळेत जाते. मी उर्दू वाचते, दुसरीच्या पातळीला. परवा तिने माझ्या श्रुतलेखनावर लाल पेनाने चार गोल केले.

वहीत मराठी, उर्दू आणि इंग्रजी मिळून आता तीनशेवर शब्द झालेत. मला ती पाचवी ते दहावीच्या गणितासाठी पुरी करून छापायची आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही शाळांतल्या पोरांसाठी, अकरावीला जाताना हातात असावी म्हणून. उर्दू बाजू चौथी रांग आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम बघताहेत. छपाईच्या खर्चाचं संयोजकांशी बोलून झालंय, ते नाही म्हणणार नाहीत, कारण मी आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंय.

मराठी बाजू मात्र कोणीतरी तपासायला हवी. बाई, चहाच्या वेळी मी वही घेऊन तुमच्याकडे येते. लाल पेन आणलंय.